डब्यातला देश

बुधवार, ७ जून. पहाटे गवत दवाने पांढरं झालेलं. दहानंतर ऊन आलं, पण हिवाळ्याचं, त्यात ऊब नव्हती. दुपारनंतर नैऋत्येचा वारा.

रेक्सला उठवून बसवणं, अंग पुसणं, लुळा हात आधी बाहीत घालून मग धड हात घालणं, लापशी भरवणं आणि सांडलेली लापशी पुसणं एवढं आटोपलं की माझी सकाळ संपते. बुधवारी मात्र त्यानंतर थोडा वेळ मी स्वतःसाठी काढते. आमच्या वॉरूना गावातल्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात, दर गुरुवारी संध्याकाळी प्रश्नमंजूषा असते, आणि तिच्यातली शेवटची फेरी, जिला सगळे देशाची फेरी म्हणतात, ती कित्येक वर्षं मीच तयार करत आले आहे. फेरी साधी आहे. सामन्यांच्या वेळी संघांची नावं लावायला क्लबाकडे पत्र्याच्या चौकोनी पाट्या आहेत, एकेका पाटीवर एकेक इंग्रजी अक्षर. त्यांतून मी एका देशाचं नाव जुळवते, फळ्यावर टांगते आणि दहा प्रश्न विचारते. दहाही उत्तरं त्या नावातल्याच अक्षरांतून जुळायला हवीत. बाहेरचं एक अक्षरही चालत नाही.

देश कुठला हे फळ्यावर टांगेपर्यंत कुणाला कळता कामा नये, असा क्लबाचा रिवाज आहे, आणि फेरी काढणारीच्या घरच्यांना तर मुळीच नाही, कारण घरचे कुठल्या ना कुठल्या टेबलावर खेळायला बसलेले असतात. रेक्स गुरांच्या बाजारातल्या मित्रांबरोबर ‘शुक्रवारचे बैल’ या टेबलावर बसायचा. म्हणून निवडलेल्या पाट्या मी बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवते आणि डबा फ्रिजवर, अगदी मागे सरकवून. त्याचं झाकण इतकं घट्ट आहे की चमच्याचं टोक घालून उचकटावं लागतं. उरलेल्या पाट्यांचं खोकं मागच्या कपाटात असतं, आणि त्याची किल्ली माझ्या गळ्यातल्या दोरीला. मार्चमध्ये रेक्सला झटका आला, त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता तो कुठल्या टेबलावर बसणार नव्हता आणि आधाराशिवाय खुर्चीतून उठूही शकत नव्हता. तरी डबा मी फ्रिजवरच ठेवत राहिले. सवय.

रेक्स गुरांचे लिलाव पुकारायचा. आमच्या घरात शांतता म्हणजे रेक्स झोपल्यावरची गोष्ट होती, आणि झोपेतही तो कधीकधी भाव चढवत न्यायचा. मार्चनंतर घरात घड्याळ ऐकू येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, याला सगळं समजतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. ते खरं असावं. माझ्याकडे तो बघायचा ते, हरवलेली वस्तू माझ्याकडेच आहे अशा नजरेने.

त्या सकाळी मी अर्जेंटिना जुळवलं, डबा बंद करून वर ठेवला आणि भांडी घासायला वळले, तेव्हा मागून आवाज आला.

“रेन.”

मी वळून पाहिलं. खिडकीबाहेर स्वच्छ ऊन होतं.

“काय म्हणालास?”

“रेन,” रेक्स म्हणाला. मग थोड्या वेळाने, “गेट.” फाटक बंदच होतं. दुपारी तो “ट्रेन” म्हणाला, आणि आमच्या गावात तर मी शाळेत असतानाच शेवटची गाडी येऊन गेली होती. चारच्या सुमारास मात्र किटलीकडे बघत अगदी स्पष्ट “टी” म्हणाला, तेव्हा मी चहा केला आणि त्याच्यासमोर बसून पुष्कळ दिवसांनी रडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेक्सची बहीण त्याच्याजवळ येऊन बसली आणि मी क्लबात गेले. बारमागे शर्ल ग्लास पुसत होती.

“काय गं ग्लेन, तुमचा लिलाववाला काय म्हणतो?”

“शब्द बोलायला लागलाय.”

“देवा, पुन्हा? इतकी वर्षं मेल्याने कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही. आता जरा ऐकायचं काम कर म्हणावं.” मग तिने ग्लास खाली ठेवला. “तू झोपतेस का पण?”

“झोपते.”

“तोंडावरून वाटत नाही, बाई.”

फेरी झाल्यावर उत्तरं नेहमीप्रमाणे शर्लने मोठ्याने वाचली. पहिलं उत्तर रेन होतं. मग गेट. मग ट्रेन. टी शेवटचं. प्रश्न मीच काढले होते, उत्तरं मला पाठ होती. तरी ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरी येताना मी मनाशी म्हटलं, प्रश्न जुळवताना मी पुटपुटत असणार. एकटी राहणारी बाई पुटपुटतेच, आणि मी गेले काही महिने एकटीच राहत होते, घरात माणूस असून.

पुढच्या बुधवारी मी मागच्या खोलीत दार लावून, ओठ मिटून पोर्तुगाल जुळवलं. डबा वर ठेवला आणि वाट पाहिली. रेक्स कुंपणापलीकडच्या रिकाम्या शेताकडे बघून “गोट” म्हणाला. “गोल” म्हणाला. दुपारी किटलीकडे बघून त्याने तोंड उघडलं, जीभ हलवली, कपाळाची शीर तटतटून फुगली, आणि शब्द आला नाही. मागच्या आठवड्यात टी म्हणणाऱ्या माणसाला या आठवड्यात ते म्हणता येईना, कारण पोर्तुगालात त्यातलं ‘ई’ हे अक्षर नव्हतं. शेवटी तो दमून “पोर्ट” म्हणाला. मी त्याला चमचाभर पोर्ट वाइन दिली. ती त्याने प्यायली, पण त्याला हवा होता तो चहाच.

मी घाबरले नाही. घाबरायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं. मला वाटलं ते इतकंच, की आता निदान कसं ते कळलं.

तिसऱ्या आठवड्यात मी देश त्याच्यासाठी निवडला. म्हणजे खरं तर माझ्यासाठी. माझं नाव ग्लेनिस. ते पुरतं मावेल असा देश मला जगात सापडला नाही, पण रेक्स मला ग्लेन म्हणायचा आणि तेवढं बांगलादेशात बसतं. झाकण दाबून बसवलं आणि त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“ग्लेन,” तो म्हणाला.

“हो, राजा.”

“ग्लेन.”

मी त्याचा धड हात धरून बसले होते. ती सकाळ चांगली गेली हे मला कबूल केलंच पाहिजे. “बेड” म्हणाला, मी त्याला आडवं केलं. “हेड” म्हणाला, मी उशी उंच केली. पण मी खोलीबाहेर पडले की हाक यायची. कपडे वाळत घालायला गेले, ग्लेन. टपाल आणायला फाटकापर्यंत गेले, ग्लेन. हाकेला काही कारण नसायचं. मी धावत यायचे, तो नुसता बघायचा, आणि मी वळले की पुन्हा, त्याच सुरात, आधीच्या हाकेच्या किंचित वर, लिलावात भाव चढवावा तशी. दुपारी मी न्हाणीघरात दार लावून टबाच्या काठावर बसले. दारातून ऐकू येत होतं. ग्लेन. ग्लेन. ग्लेन.

मी उठले, फ्रिजवरचा डबा काढला, झाकण उचकटलं, बांगलादेशाच्या पाट्या काढून घेतल्या आणि खोक्यातून ओमानच्या चार आणून ठेवल्या.

“ग्ले—” रेक्स म्हणाला आणि थांबला.

त्याने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. घड्याळ ऐकू येऊ लागलं. तो वळून फ्रिजकडे बघत होता, माझ्याकडे नव्हे, आणि खूप वेळाने, अगदी हळू, विचारल्यासारखा म्हणाला, “नो.”

त्या रात्री मला उत्तम झोप लागली. सकाळी उठून मी बांगलादेश परत ठेवलं, कारण संध्याकाळी क्लबात तेच लावायचं होतं. रेक्सने दिवसभर मला हाक मारली नाही. कुठलाच शब्द काढला नाही. मी डबा हातात घेतला की तेवढं बघायचा.

जुलैच्या सुरुवातीला बियांकाचा फोन आला. ही आरोग्य केंद्राची वाचा शिकवणारी मुलगी. महिन्यातून एकदा गाडी घेऊन आमच्या भागात यायची. तिने सांगितलं की बॅलरॅट शहरातल्या इस्पितळात सहा आठवड्यांच्या निवासी उपचारांत एक जागा रिकामी झालीय, रेक्सला तिथे ठेवून घेतील, रोज शिकवतील.

“फक्त ते ज्यांच्यात काहीतरी बोलणं शिल्लक आहे त्यांनाच घेतात,” ती म्हणाली. “मी बुधवारी येऊन चित्रं दाखवते. दहातली तीन-चार ओळखून सांगितली तरी पुरे. तुम्ही म्हणता ना, रेक्स शब्द बोलतात?”

“बोलतो.”

“मग झालंच. आणि ग्लेनिस, तुम्हालाही थोडा श्वास मिळेल. शेवटची सुट्टी कधी घेतली होती?”

“सोमवारी पोस्टात गेले होते.”

ती हसली. मला विनोद करायचा नव्हता.

सहा आठवडे. मी फोन ठेवला आणि त्या दोन शब्दांभोवतीच दिवसभर घरात फिरत राहिले. सहा आठवडे कुणाला उचलायचं नाही. पहाटे जाग आली तर कूस बदलून पुन्हा झोपायचं. त्याच्या भल्याचंही होतं. तिथे कदाचित त्याचे स्वतःचे शब्द त्याला मिळतील, कुणाच्या डब्यातले नाहीत. मी लांबलचक नावाचा, भरपूर अक्षरांचा देश शोधला. काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक, पूर्ण सरकारी नावानिशी. क्लबाच्या फळ्यावर ते दोन ओळींतही जेमतेम मावलं असतं. मंगळवारी संध्याकाळी मी ते जुळवलं. पाट्यांनी डबा गच्च भरला, झाकण तळव्याने ठोकून बसवावं लागलं.

जेवताना रेक्स बोलला. वाक्य बोलला. थांबत, शब्द निवडत, ओल्या दगडांवर पाय टाकत जावं तसा, पण आवाज त्याचा होता, बाजारातला.

“मला बाहेर काढणार?”

“सहाच आठवडे, रेक्स. तिथे शिकवतात.”

“मग?”

“मग घरी.”

त्याने कस्टर्डचा चमचा तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला.

“माझ्यावर बोलीच नाही?”

“असं काय बोलतोस? मी दमलेय, रेक्स. मला दिसेनासं होतं एवढी दमलेय.”

मग त्याने डावा हात टेबलावरून सरकवत आणला आणि माझ्या मनगटावर ठेवला, जड, ऊबदार. “बरं,” तो म्हणाला.

मी त्याला झोपवलं. डबा फ्रिजवर होता, किल्ली माझ्या गळ्यात होती. अंथरुणावर पडले आणि पहाटे त्याचं अंग पुसायची वेळ होईपर्यंत मला जाग आली नाही.

सकाळी बियांका आली. तिने स्वयंपाकघरात रेक्ससमोर खुर्ची ओढली, चित्रांचे पुठ्ठे मांडीवर घेतले. मी फ्रिजला पाठ लावून उभी होते.

“शुभ सकाळ, रेक्स. आपण काही चित्रं बघू या. घाई नाही. हे काय आहे?”

कप होता.

रेक्सने कपाकडे पाहिलं. “नो,” तो म्हणाला.

“ठीक. हे?”

किल्ली होती. “नो.”

कुत्रा. “नो.” झाड. “नो.” पलंग दाखवला, तेव्हा त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, “नो.”

“रेक्स,” मी म्हटलं, “काल रात्री बोललास ना? सांग तिला. काहीही सांग.”

“ग्लेनिस, तुम्ही मदत नाही करायची,” बियांका हळूच म्हणाली. तिने उरलेली चित्रं दाखवली, मग नाव विचारलं, मग माझ्याकडे बोट करून या कोण ते विचारलं. तो प्रत्येक वेळी तिचा प्रश्न नीट ऐकून घ्यायचा, एखाद्या गिऱ्हाइकाला मान द्यावा तसा, आणि तेच उत्तर द्यायचा. शेवटी तिने पुठ्ठे गोळा केले.

दारापाशी ती म्हणाली, “अशा माणसांना एकच शब्द चिकटून बसतो. ते तो मुद्दाम म्हणतात असं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“काल तो वाक्यं बोलत होता.”

“हो,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की नातेवाईक असं म्हणतातच. मग तिला माझी दया आली असावी. “मी दुपारपर्यंत केंद्रात आहे. तोवर ते बोलले, तर फोन करा. मी परत येईन, खरंच. पण संध्याकाळी मला नाव कळवावंच लागेल.”

तिची गाडी कोपऱ्यावर वळल्यावर मी आत आले, स्टुलावर चढून डबा काढला. तो हातात हलका लागला. झाकण तसंच घट्ट होतं. चमच्याचं टोक दोनदा निसटलं. आत चार पाट्या होत्या. ओमान.

मी गळ्यातली दोरी चाचपली. किल्ली होती. ती मी आंघोळीलाही काढत नाही. मागच्या खोलीत गेले, कपाट उघडलं, खोक्याचं कुलूप काढलं. काँगोच्या बाकीच्या सगळ्या पाट्या आपापल्या कप्प्यांत होत्या, रंगाची बाजू एकमेकींकडे करून, घासल्या जाऊ नयेत म्हणून मधे टिपकागदाचा तुकडा. तशा फक्त मीच ठेवते.

स्वयंपाकघरातून रेक्सचा आवाज आला. “नो,” तो म्हणाला. दटावणीचा नव्हता तो सूर. वासरू बुजू नये म्हणून बाजारात तो असाच बोलायचा, हळू, जवळजवळ लाडाने.

घड्याळात अकरा वाजायचे होते. काँगो पुन्हा जुळवायला मला फार वेळ लागला नसता. मी पाट्या काढायला सुरुवातही केली. पाचसहा हातात घेतल्या, थंडगार होत्या, बोटांना त्यांचं वजन जाणवत होतं. फोन दाराजवळच्या भिंतीवर होता. मी तिथेच कपाटासमोर जमिनीवर बसले आणि पाट्या मांडीवर घेऊन बसून राहिले. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढलं. आत रेक्स काही बोलला नाही. मधे एकदा वाटलं, तो गुणगुणतोय.

मग मी उठले, पाट्या आपापल्या कप्प्यांत ठेवल्या, खोक्याला कुलूप लावलं. स्वयंपाकघरात जाऊन ओमानवर झाकण दाबून बसवलं आणि डबा फ्रिजवर ठेवला. रेक्ससाठी चहा केला. त्याने न मागता.

गुरुवार, १३ जुलै. दिवसभर ढग, पाऊस नाही, संध्याकाळी वारा पडलेला. क्लबात आठ टेबलं भरली. शर्ल फळ्याकडे बघून ओरडली, “चार अक्षरं? अगं, चार अक्षरांत दहा प्रश्न काढलेस कुठून?” सर्वांत जास्त गुण ‘शुक्रवारच्या बैलांना’ मिळाले, दहापैकी सहा. बॅलरॅटची जागा आदल्या संध्याकाळी दुसऱ्या एका माणसाला दिली गेली होती. रेक्स घरी आहे.